कुणाच्या तरी टेबलावर

शरीररचनाशास्त्र विभाग
१० जानेवारी २०२५

आदरणीय कुटुंबीयांस,
सविनय नमस्कार.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाचे विद्यार्थी आहोत. आपण आपल्या प्रिय व्यक्तीचा देह आमच्या शिक्षणासाठी दान केलात, या ऋणातून आम्ही कधीही उतराई होऊ शकणार नाही. हा देह आमचा पहिला गुरू आहे. समाजाचे हे ऋण आम्ही सदैव स्मरणात ठेवू आणि रुग्णसेवेतून ते ऋण फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करू, अशी ग्वाही देतो.

आपली नम्र,
दिशा घाडी
(टेबल क्रमांक चारच्या वतीने)


मनोरी
२६ जानेवारी २०२५

चि. दिशा,

तुझं पत्र मिळालं. मी इथल्या मराठी शाळेत शिक्षिका होते. निबंध तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे निबंध समोर आला की लगेच ओळखते. तुझ्या पत्रात ऋण तीनदा आहे आणि माझा नवरा एकदाही नाही. दहापैकी चार.

रागावू नकोस. माझा स्वभाव असाच आहे, आणि घरात आता बोलायला कुणी नाही म्हणून तो जास्तच असा झालाय.

माझ्या नवऱ्याचं नाव इसिडोर परेरा. गेल्या सप्टेंबरात गेले. त्याआधी बरेच दिवस हॉस्पिटलात होते. तिथे एक शिकाऊ पोरगा रक्त काढायला यायचा. त्याला शीर सापडायची नाही, हात सुजवून ठेवायचा. मी एकदा त्याला झापलं तर इसिडोर मलाच म्हणाले, "शिकू दे गो पोरांना. कुनावर तरी शिकतील ना." आणि मग देहदानाचं मनावर घेतलं. म्हणाले, "मेल्यावर मना दुखनार नाय, खुशाल टोचा म्हनावं."

आमचं ऐकून घ्यायची तयारी फारशी कुणाची नव्हती. मुलगा शेर्विन दोह्याला असतो. तो म्हणाला, आईने पप्पांना देऊन टाकलं. तेव्हापासून फोन करत नाही. गावातल्या बायका विचारतात, कबर कुठे बांधणार. मी सांगते, नाही बांधणार, तर माझ्याकडे असं बघतात की मीच काहीतरी केलंय.

मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. तिथे त्यांच्याकडे कुणी माणूस म्हणून बघतं का? ऋण वगैरे राहू दे. तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते लिही. आणि तुला काय वाटलं तेही लिही. ते काय काम करायचे, कसे दिसायचे, हे मी आत्ता सांगणार नाही. उत्तर सांगून प्रश्न विचारायचा नसतो.

फोन करू नकोस. मला ऐकू कमी येतं.

उर्सुला परेरा


भांडुप (प.)
९ फेब्रुवारी २०२५

उर्सुलाबाईंना नमस्कार,

ते पत्र मी एका सीनियरच्या पत्रावरून उतरवलं होतं. विभागाच्या मॅडमनी प्रत्येक टेबलाला एक पत्र लिहायला सांगितलं, आमच्यातलं कुणी तयार होईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. हे उत्तर मात्र घरून लिहितेय, विभागातून नाही. पत्ता मागे दिलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं लिहिते. मला काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी देहाचा मान राखायची शपथ घेतली. मग कापड काढलं. दोघीजणी चक्कर येऊन पडल्या. आमच्या टेबलावरचा प्रीतम तोंड दाबून बाहेर पळाला, तो थेट गेटपर्यंत. मी उभी होते. दुपारी कँटीनमध्ये पूर्ण जेवले, प्रीतमचा भातसुद्धा मीच संपवला. सगळे म्हणाले, दिशा सर्जन होणार. औषधाचा वास केसांत बसतो, दोनदा शॅम्पू करूनही जात नाही. घरी आईला त्रास होतो, मला होत नाही.

दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर गाल कसा होतो ना, तसं आहे. गाल जागेवर असतो, हात लावला तर बोटांना कळतं, गालाला कळत नाही. बाबा गेले तेव्हापासून असंच आहे.

आता पाहिलेलं सांगते. आम्ही हातापासून सुरुवात केली. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांचा हात जरा वर घे, काकांना सरळ कर, असं. पूर्ण झाकून ठेवतो, जेवढं काम असेल तेवढंच उघडतो. बोटं लांब आहेत, दहाही एकदम सरळ. तळवे मऊ. नखं नीट कापलेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेन टेकतं तिथे, घट्टा आहे. हे सगळं मी चामडी काढायच्या आधी पाहून ठेवलं, का ते माहीत नाही. काका लिहिण्याचं काम करत असावेत. बरोबर का?

दिशा


मनोरी
२ मार्च २०२५

चि. दिशा,

पत्राला उशीर झाला. आठवडाभर मी ते वाचून बाजूला ठेवत होते.

निरीक्षण चांगलं आहे. दहापैकी आठ. पेनाचा घट्टा पाहायचं मला सुचलं नसतं, आणि मी जन्मभर पेनच धरलंय. बरोबर की चूक ते राहू दे. तू पाहिलंस, एवढं मला पुरे आहे. आणखी काय काय दिसेल ते लिहीत जा.

तुला काही वाटलं नाही म्हणून तू घाबरली आहेस, हे मला कळलं. घाबरल्याचंही तुला कळत नसेल. म्हणून माझं सांगते.

इसिडोर पहाटे गेले. सकाळी कॉलेजची गाडी आली, खाडीपलीकडच्या जेट्टीवर थांबली. त्यांना बोटीतून नेलं. फादरनी फोटोसमोर प्रार्थनेचा मिस्सा केला. दुपारी घरात मी एकटीच होते. आदल्या दिवशी आणलेली कोळंबी तशीच पडली होती. मी बसून सगळी सोलली, धुतली, कालवण केलं आणि जेवले. मीठ बरोबर पडलं होतं. मला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही, मीठ बरोबर होतं एवढं आठवतं. मला अजून रडायला आलेलं नाही. शेजारची फ्लेविया म्हणते, उर्सुलाबाई दगड आहे. असेन.

तुझ्या बाबांचं लिही. ते काय करायचे?

उर्सुला परेरा


भांडुप (प.)
२१ एप्रिल २०२५

बाईंना नमस्कार,

परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. नंदकुमार घाडी. इथल्याच एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. मला डॉक्टर करायचं हे त्यांचं होतं. माझं होतं का, ते आता आठवत नाही.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या वेळी माझे मार्क कमी पडले, म्हणून घरी बसून दुसऱ्यांदा परीक्षेची तयारी करत होते. बाबा सकाळी चहा घेताना एका बाजूला कलले. कप पडला नाही, त्यांनी तो नीट खाली ठेवला. संध्याकाळी हॉस्पिटलातच वारले. परीक्षा तोंडावर आली होती. पुढच्या खोलीत माणसं बसायची आणि मी मागच्या खोलीत प्रश्नपत्रिका सोडवायचे. गावाहून आलेली आत्या सगळ्यांना सांगायची, "पोरगी खंबीर आसा हां." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. म्हणून मी तशीच राहिले.

मार्क चांगले आले. कॉलेज मिळालं. आईने फोटोपुढे पेढे ठेवले आणि खूप रडली. मी पेढा खाल्ला.

आता आम्ही छाती करतोय. मागच्या आठवड्यात काकांचं हृदय मी हातात घेतलं. मॅडम म्हणाल्या, नीट धर, हे रोज मिळत नाही. मी नीट धरलं. वाटलं होतं, निदान आता काहीतरी होईल. वजन कळलं.

तुमची पत्रं मी दोनदा वाचते. कोळंबीचं पत्र जास्त वेळा वाचलं. हे का सांगतेय माहीत नाही.

दिशा


मनोरी
१३ जुलै २०२५

चि. दिशा,

मी मेमध्ये लिहिलं, जूनमध्ये लिहिलं. तुझं उत्तर नाही. पत्रं पोचतायत ना? आजारी आहेस का? तुला लिहायचं नसेल तर तसं एका ओळीत कळव. गृहपाठ न करणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांचा मला राग येत नाही. गैरहजर राहणाऱ्यांची काळजी वाटते.

उर्सुला परेरा


भांडुप (प.)
१४ सप्टेंबर २०२५

बाईंना नमस्कार,

तुमची तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही.

सहामाहीत मी ॲनाटॉमीत नापास झाले. तोंडी परीक्षेत सर विचारत होते आणि मला उत्तरं येत होती. डोक्यात पानासकट दिसत होती. तोंड उघडून सांगावंसं वाटलं नाही. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्याला बोलावलं. तेव्हा ठरवलं की सोडायचं. जिला काहीच वाटत नाही तिने लोकांना तपासायला जाऊ नये. आईला अजून सांगितलेलं नाही. दसरा झाला की सांगणार आहे.

हे पत्र त्यासाठी नाही. तुम्हाला दुसरं सांगायचंय.

शुक्रवारी मॅडमनी बोलावून घेतलं, नापास कशी झालीस म्हणून. त्या चांगल्या आहेत. बोलताना मी इसिडोर काकांचं नाव घेतलं. त्या चमकल्या. म्हणाल्या, हे नाव तुला कुठून कळलं? मी तुमच्या पत्रांचं सांगितलं. त्यावर त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या टेबलावरचे काका बेवारस आहेत. पोलिसांकडून आले. कोण होते, कुठे राहायचे, कुणालाच माहीत नाही. देहदान करणारी घरं थोडी असतात आणि टेबलं जास्त, त्यामुळे पत्रं कुणीही लिहिलेली कुठल्याही घरी पाठवतात. कुठल्या टेबलावर कोण आहे ते आम्हाला कळू द्यायचंच नसतं. मॅडमना वाटलं होतं, एक आभाराचं पत्र जाईल आणि विषय तिथेच संपेल. त्याला उत्तर येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

म्हणजे मी तुम्हाला सांगितलेले हात तुमच्या घरातले नव्हते. हृदयही नव्हतं. तुम्ही ज्यांच्यासाठी वाचत होतात ते आमचे काका नव्हते, आणि मी तुम्हाला वर विचारत होते की बरोबर का.

मला याची शरम वाटायला हवी, हे कळतंय. वाटत नाहीये. तरी माफी मागते.

तुम्ही आता लिहू नका. मी समजून घेईन.

दिशा


मनोरी
१ ऑक्टोबर २०२५

चि. दिशा,

तू कोण मला लिहू नका म्हणून सांगणारी?

मला माहीत होतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं त्याच दिवसापासून. इसिडोर मार्वे ते मनोरी फेरीबोटीवर तांडेल होते, बोट तेच चालवायचे. तळहात नारळाच्या सोडणासारखे खरखरीत. पेन धरायचे ते पगाराच्या सहीपुरतं. आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या पेरापासून नव्हतं. जेट्टीला बोट बांधताना दोरात सापडलं. तेव्हा शेर्विन पोटात होता. मी रडून गोंधळ घातला आणि हे हाताला फडकं गुंडाळून मलाच समजावत होते, "येवढ्याशा बोटान काय अडनार नाय गो." तुझ्या काकांची दहाही बोटं सरळ. मग मला कळायला काय उशीर?

आधी खूप राग आला. कॉलेजला चांगलं खरमरीत पत्र लिहायला बसले. तुझं पत्र संदर्भासाठी पुन्हा उघडलं आणि वाचताना हात थांबला. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या बोटावरचा घट्टा तू पाहून ठेवला होतास, चामडी निघायच्या आधी. मला वाटलं, हिच्या टेबलावर माझा नाही, पण माझा कुणाच्या तरी टेबलावर असेल. तिथेही एखादी पोर अशीच उभी असेल. तुझी पत्रं मी त्या भरवशावर वाचत होते. तुला खरं सांगितलं असतं तर तू लिहिणं थांबवलं असतंस, आणि माझा भरवसा गेला असता. म्हणून गप्प बसले. तेव्हा माफी मागायचीच असेल तर दोघींनी मागू.

तुला काही वाटत नाही म्हणतेस. बेवारस माणसाला काका म्हणतेस, झाकून ठेवतेस, आणि एका बहिऱ्या म्हातारीला फसवल्याचं तू आपणहून कळवतेस. हे सगळं न वाटता कोण करतं, ते मला समजावून सांग.

सोडायचं असेल तर सोड. मी तुझी आई नाही. पण त्याआधी माझं एक काम कर. दोन नोव्हेंबरला आमच्यात सगळ्या मेलेल्यांचा दिवस असतो. गाव कबरी धुतं, फुलं घालतं, मेणबत्त्या लावतं. गेल्या वर्षी मी घरात बसून राहिले. या वर्षी सासऱ्यांच्या कबरीपाशी जाऊन उभी राहणार आहे, पण तिथे इसिडोरविषयी मनात आणायला मला काहीतरी खरं हवं. तेवढ्यासाठी तुझ्याकडे मागतेय.

डावा हात बघ. सगळ्या टेबलांवर बघ. कदाचित ते तिथे नसतीलही, दुसऱ्या कॉलेजात पाठवले असतील. नसले तर नाहीत म्हणून लिही. माझं समाधान व्हावं म्हणून काही रचू नकोस. त्यांचा हात मला ओळखता येतो.

उर्सुला परेरा


भांडुप (प.)
२६ ऑक्टोबर २०२५

बाईंना नमस्कार,

सापडले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉल उघडला तेव्हा मी लवकर गेले. एकेका टेबलापाशी थांबून विचारत गेले, डावा हात बघू का. कुणी का म्हणून विचारलं नाही, परीक्षा जवळ आलीय, सगळ्यांना वाटलं उजळणी करतेय. शेवटच्या खिडकीजवळच्या टेबलावर प्रांजल म्हणून मुलगी आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "आजोबांचा हात ना? ये. सगळेच येतात बघायला."

आता हातावर चामडी नाही. बाकीची बोटं लांब आणि ते एक आखूड. प्रांजलने मला दाखवलं. बोट तुटल्यावर आत शिरा कशा मिटतात, बाकीच्या बोटांनी त्याचं काम कसं वाटून घेतलेलं असतं, हे पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं, इथे दिसतं. त्यामुळे दुसऱ्या टेबलांवरची मुलंसुद्धा हात शिकायला याच टेबलावर येतात. सर तोंडी परीक्षेत आजोबांच्या बोटावर हमखास एक प्रश्न विचारतात. अख्ख्या वर्गाला त्याचं उत्तर येतं, मीच आमचं टेबल सोडून कधी कुठे गेले नव्हते. इसिडोर काका म्हणाले होते ना, कुणावर तरी शिकतील. ते झालंय. हे मी रचलेलं नाही.

नाव सांगायचं नसतं, तरी मी प्रांजलला सांगितलं. तांडेल होते तेही सांगितलं. ती म्हणाली, थांब, परत सांग. मग तिने हळू म्हणून पाहिलं, इसिडोर. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

मग मी हातमोजा काढला. काढायचा नसतो. ते आखूड बोट हातात धरलं. गार होतं. इतके महिने त्या हॉलमध्ये जातेय, पण काही गार आहे असं मला त्याआधी जाणवलं नव्हतं.

घरी आले. आई मेथी निवडत होती. मी तिला विचारलं, बाबांच्या हाताला काही खूण होती का. ती म्हणाली, होती की, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तुझं दूध उतरवताना पातेलं कलंडलं होतं, तू रांगत खाली आलेलीस, म्हणून त्यांनी हात मध्ये घातला. मला तो डाग आठवेना. रोज रात्री जेवताना तो हात माझ्यासमोर असायचा. मी अनोळखी काकांचा घट्टा पाहून ठेवला आणि बाबांचा डाग मी पाहिलाच नाही. बाई, तेव्हा मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. भूल उतरताना आधी गाल दुखायला लागतो, तसं ते सुरू झालं आणि थांबेना. आईने मेथी बाजूला ठेवली. आम्ही दोघी तशाच जमिनीवर बसून रडलो. जेवण उशिरा झालं.

कॉलेज सोडायचं मी आईला सांगितलेलं नाही. आता सांगेन असं वाटत नाही. आमच्या टेबलाचं डोकं आणि मान अजून व्हायची आहे, आणि प्रीतमला काकांना नीट झाकता येत नाही.

दोन तारखेला मेणबत्त्या लावाल तेव्हा आमच्या काकांसाठीही एक लावाल का? त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. ते लिहायचे, एवढं सांगा.

तुमची,
दिशा